दामूचा बाप्तिस्मा

नाय, नाय, पास्टरसाहेब, भांडायला नाय आलो. भांडायचं असतं तर कोयता घेऊन आलो असतो. तुमची मंडळी काठावर गाणं म्हणू दे, जरा हिकडं या, या करंजाखाली — दामूला ऐकू जायला नको — बघतोय तो, बघू दे. मी काळू, त्याचा बाप. मला एवढंच विचारायचं, ते पाणी नुसतं डोक्यावर शिंपडलं तर चालत नाय? तांब्याभर? मी देतो तांब्या, चिंचेनं घासून देतो. दुसऱ्या चर्चात म्हणे शिंपडतात — तुमच्यात नाय? पुरता बुडवायलाच लागतो? डोक्यासकट? — आणि त्यासाठी अख्ख्या कुंडलिका नदीत तुमाला हाच डोह गावला? काय? दामूनं दाखवला? दामूनं?

तुमच्या येशूवर माझा राग नाय, खोटं कशाला बोलू. पेणला वीटभट्टीवर होता तवा पोरगा दिवसाढवळ्या पिऊन पडायचा, मीच खांद्यावर टाकून आणायचो. भगत झाले, अंगारे झाले, कोंबडी गेली ती गेली. तुमी नुसता डोक्यावर हात ठेवलात नि त्यानं बाटली सोडली. त्यापायी मी तुमचे पाय धरीन. आता सांजच्याला गुडघ्यावर बसतो, डोळे मिटून ‘बापा, बापा’ करतो — इतक्या मायेनं मला कधी हाक मारली नाय त्यानं. मारली असती तर... जाऊ दे. राग नाय. भ्या वाटतं. सकाळपासनं हितं येरझाऱ्या घालतोय, बिडीपण ओढली नाय.

तुमाला जनू ठावा नाय. कसा असंल, तुमी येण्याआधीचं हाय. माझा थोरला. या डोहात गेला. चिंबोऱ्या धरत होता — कमरेएवढ्या पाण्यात, हसत होता माझ्याकडं बघून — तो काळा दगूड दिसतोय? तिथवर कमरेएवढंच हाय, पुढं तळच नाय. मी हितंच बसलो होतो, जाळं विणत. मान वर केली तर पाणी. नुसतं पाणी. आसरा असतात डोहात, साती जणी, त्या न्हेतात — हसू नका, तुमचा देव मोठा असंल, पण तो राहातो वर, या राहातात हितं. मी नारळ ठेवला, हिरव्या बांगड्या ठेवल्या, म्हटलं, बायांनो, एक न्हेलात, धाकटा मागू नका, त्याचा पाय तुमच्या पाण्याला कधी लागायचा नाय. तो बोल मी पाळला. दामूला व्हाळातसुद्धा उतरू दिला नाय. हापशावर बादलीनं आंघोळ. वाडीतल्या बाया हसायच्या — कातकऱ्याचा पोर नि पोहता येत नाय, कोंबडीचं पिलू हाय का गो.

काय? तुमाला सांगितलं नाय त्यानं? नाय सांगायचा. लाज वाटते त्याला. दगडासारखा जाईल, साहेब. — बरं, तुमी धराल. एक हात पाठीला, एक छातीला, बरं. तुमाला तरी येतं ना पोहायला? — नाय? — अरे देवा. म्हणजे दोघंही कोरडे.

काल मी त्याला म्हटलं, नको जाऊ. हात जोडले. तर म्हणाला, बा, जनूच्या पाण्याला तू किती वर्सं भ्यायचं? म्हणून हाच डोह. नि मग मला गोष्ट सांगितली. म्हणे येशूपण असाच नदीत उतरला, नि पाण्यातनं वर आला तवा आभाळातनं त्याचा बाप बोलला — हा माझा पोर, माझ्या लाडाचा. सगळ्यांदेखत. सांगून झालं नि माझ्याकडं बघत बसला. आमच्यात असं कोण बोलतं पोराला? जनूला नाय बोललो कधी. मी म्हटलं, भाकर खा, गार होते.

त्याला आता कोण थांबवणार? तुमी नाय, मी नाय. मग असं करा. मी येतो पाण्यात. नाय, नाय, मला बुडवू नका, मी तुमच्यातला नाय, मी नुसता पलीकडनं उभा राहतो, काळ्या दगडाच्या अंगाला. जनू गेल्यापासनं मीपण या पाण्यात पाय टाकला नाय. आसरांना कोण हवाच असंल तर आधी मी लागंन त्यांच्या हाताला. — चालंल ना तुमच्या येशूला? चालंल. त्यालाही बाप हाय की.

गंगे, पोराची आई तू, तोंड फिरवून बस. दामू, चल. बघतोस काय, हात दे. गार हाय, माहीत हाय गार हाय. नाक धर. — म्हणा साहेब, तुमचं काय ते म्हणा, लौकर म्हणा — बापाच्या, व्हय — पुत्राच्या, व्हय — आता —

काढा. काढा वर. साहेब, वर काढा त्याला! सोडा, मी —

हां. आला. खोक, बाळा, खोक. धरलाय मी. मी हाय, तुझा बा. — हा — ऐका रे सगळ्यांनी — हा माझा पोर हाय. माझा. लाडाचा.

— काय बघता? गाणं का थांबवलंत? म्हणा गाणं. म्हणा, नि माझ्याकडं बघू नका.