डोली आणि पालखी

माझं माहेर मंडणगडाकडं, डोंगरात, आणि दिलं मला इकडं बुरोंडीच्या वरच्या अंगाला, काय सांगू तुम्हाला, लग्नाआधी मी समुद्र बघितलाच नव्हता. आमची कुणब्यांची वाडी, पण जमीन खोतांची, घराखालची माती खोतांची, दारातला फणसही खोतांचाच, आणि आठवड्यातला एक दिवस खोतांकडं फुकट राबायचं, त्याला वेठ म्हणायचं. खोतांना दापोलीला जायचं झालं की ते डोलीत बसायचे आणि आमचे पुरुष ती खांद्यावर घेऊन घाटी चढायचे.

मला मूल नव्हतं, किती शिमगे आले नि गेले. सासू म्हणायची, कसली गो आणलीन ही, कातळावर पेरलेलं भात. मंग मी देवीला नवस बोलले, पोर झालं तर शिमग्याला तुझी पालखी दारात येईल तवा उंबऱ्यावर ओटी भरीन. ती उंबऱ्यावरच भरायची असते, देवळात जाऊन चालत नाय. पोरगा झाला.

त्याच वर्षी आमचे हे मुंबईची गिरणी सोडून कायमचे घरी आले. खोतांचा माणूस डोलीला बोलवायला आला तर त्याला म्हणाले, माझ्या खांद्याला दोनच ओझी ठाऊक, देवी आणि मेलेलं माणूस, खोत यातले कोण ते विचारून ये. वाडी हसली, हसली आणि मंग कोणीच गेलं नाय.

खोत देवळाचे मानकरी, किल्ली त्यांच्याकडं. म्हणाले, माझी डोली जड होते तर देवीची पालखीही नको. शिमग्याला देवळाला कुलूप. मी अंगण सारवून, खण-नारळ घेऊन बसलेली. बाकीच्या वाड्या आमच्याकडं बोट दाखवायच्या.

पावसात पोराला ताप भरला. तवाच खोतांचा निरोप आला, बाकी वाडीचं जाऊ दे, ह्यांनी तेवढा एकदा डोलीला खांदा द्यावा, पुढच्या शिमग्याला पालखी निघेल. सासू रडायला लागली, नवस फिटला नाय म्हणून हे असं झालं, जा रे बाबा, एक खांदाच तर द्यायचा हाय. ह्यांनी खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर ठेवली आणि माझ्याकडं बघितलं, म्हणाले, तू सांग, नवस तुझा हाय. काय सांगू तुम्हाला, पोर मांडीवर भाजत व्हतं. मी म्हटलं, टोपी काढा, ओटी मी देवीला बोललेय, खोतांच्या डोलीला नाय. पुढं पोर बरं झालं, पण सासू माझ्याशी बोलली नाय ती मरेपर्यंत.

पोरगा आता गुरं राखतो. कुलूप तसंच हाय. मी दर शिमग्याला अंगण सारवते, नवा नारळ ठेवते, सांज झाली की उठते. खोत मात्र दापोलीला चालत जातात, छत्री घेऊन, आमच्याच दारावरनं, दुसरी वाट नाय. गेल्या शिमग्याला थांबले, अंगणाकडं बघून म्हणाले, अजून सारवतेस गो? म्हटलं, सारवते धनी, देवी यायची तवा येईल, तुम्ही तर चालायला लागलात.

छत्री सावरून गेले. म्हातारे झालेत, आणि त्या दिवसांत कातळ फार तापतो हो. देवी त्यांचे पाय शाबूत ठेवो.