जुम्म्याचा कॉम्प्युटर

(भिवंडी, कामतघर. १९९५ मधला एक शुक्रवार, यंत्रमाग म्हणजे लूम बंद. पंढरीचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. टेबलावर टीव्हीला जोडून चालवायचा जुना, छोटा कॉम्प्युटर.)

पंढरी : ...मी तवाच बोललो व्हतो ना बाय, याची आयसी जलली. नऊ वरसांनी काय ती परत उगवनार हाय?

तय्यबा : तुम्ही अजून वायरसुद्धा लावली नाहीत, पंढरीकाका.

पंढरी : लावून काय करू? ही रबरी बटना बघ. फटीफटीत रुई बसत असंल. आपल्या भिवंडीत मानसाच्या छातीत रुई जाते, ह्यो तं डबा.

तय्यबा : रुई मी ब्रशने काढली. एकेक बटण स्पिरिटने पुसलं. पुढचं सांगा.

पंढरी : मंग दमट. नऊ पावसाले माल्यावर पडलाय.

तय्यबा : आठ दिवस कोरड्या कपड्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवला. पुढचं.

पंढरी : तू काय माझी परीक्षा घेतंस का?

तय्यबा : लावून तर बघा. टीव्ही तुमचाच आहे, चांगला चाललाय. अॅडाप्टरची वायर इकडे, एरियलची तिकडे. हं. आता बटण दाबा.

पंढरी : दाबला. बघ. मुंग्याच मुंग्या. बोललो व्हतो.

तय्यबा : आता अॅडाप्टरवर हात ठेवा.

पंढरी : ठेवला.

तय्यबा : कसा लागतो?

पंढरी : गार हाय.

तय्यबा : पूर्वी हा पाच मिनिटांत कोमट व्हायचा. लावल्याबरोबर गुणगुणायचा पण, आता तेही नाही. मी अभ्यास करताना पायाशी घेऊन बसायचे. म्हणजे वीज याच्यापर्यंतच आली नाही, काका. कॉम्प्युटर तर त्याच्या पुढे आहे. मग तुमची आयसी कशाने जळाली?

पंढरी : तुला लई समजतंय.

तय्यबा : तेव्हाही समजत होतं. प्लग उघडा.

पंढरी : प्लगात काय असतंय? तीन पिना नि तीन वायरी.

तय्यबा : उघडा.

पंढरी : पेचकस कुठं गेला बघू... आता तं हितं व्हता.

तय्यबा : हा घ्या. मी घरून आणलाय.

पंढरी : ठेव तिथं.

तय्यबा : काका, गेल्या महिन्यात माझ्या नणंदेची दुबईची इस्त्री बंद पडली. असाच चौकोनी पिनांचा प्लग. वायरमन आला, त्याने प्लगच्या पोटातून बोटाच्या पेराएवढा फ्यूज काढला, दुसरा बसवला, इस्त्री चालू. मी बघत राहिले. आपल्या गोल पिनांच्या प्लगात फ्यूज नसतो, मग याच्यात असतो हे मला काय माहीत? माझ्या मुख्तारभाईने कुवेतवरून हा कॉम्प्युटर पाठवला तेव्हा प्लग उघडायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

पंढरी : मंग जलला असंल फ्यूज. सोपा काम हाय. दुसरा आन.

तय्यबा : जळाला असता तर आत असता. काळा पडलेला, पण जागेवर. मी हा प्लग घरी उघडलाय, काका. आत जागा रिकामी आहे.

पंढरी : पडला असंल.

तय्यबा : बंद प्लगातून?

पंढरी : चाय मागवू का तुला?

तय्यबा : नको. नऊ वर्षांपूर्वी त्या गुरुवारी मी कॉम्प्युटर लावला होता. नियम माहीत असून. लूम चालू असले की व्होल्टेज खाली-वर होतं, म्हणून कॉम्प्युटर फक्त जुम्म्याला, लूम बंद असताना लावायचा, हे अब्बांनीच घालून दिलं होतं. पण मी साडीच्या किनारीची नक्षी टीव्हीवर काढायचा प्रोग्राम लिहिला होता आणि मला धीर धरवला नाही. अब्बा येऊन उभे राहिले. अर्धी किनार आली, लाइट डुलली, पडदा काळा. दुसऱ्या दिवशी तुम्ही तो दुकानात नेलात. रविवारी परत आणलात, म्हणालात, जळाला.

पंढरी : जुनी गोष्ट हाय, पोरी.

तय्यबा : माझ्यासाठी रोजची आहे. त्या दिवसापासून मी मिक्सरला हात लावत नाही. सासरी हसतात. दोन आठवड्यांपूर्वी अब्बांना जाऊन चाळीस दिवस झाले, चाळिसावा झाला, माळा आवरायला काढला, तर माझी मुलगी विचारते, अम्मी, हे कोणी बिघडवलं? मी म्हटलं, मी. सात वर्षांची आहे. तिने लगेच हात मागे घेतला. म्हणून आलेय. जळाला की नाही, एवढंच सांगा.

पंढरी : ...न्हाय.

तय्यबा : काय न्हाय?

पंढरी : न्हाय जलला. हितं, याच टेबलावर लावला, झटक्यात सुरू झाला. लाइट डुलली म्हनून नुसता बंद पडला व्हता तुझ्या घरी. फखरुद्दीनशेठ तिथं बसले व्हते, त्या स्टुलावर. मी बोललो, शेठ, कायच झाला न्हाय. तं बोलले, बंद कर.

तय्यबा : अब्बा?

पंढरी : बोलले, पडघ्याच्या लोकांना लगनाचा शब्द दिलाय. पोरीनं ठान्याच्या पॉलिटेक्निकचा फारम आनलाय. ह्या डब्यापायी ती कुनाचा ऐकत न्हाय. डबा जलला असा सांग, म्हनजे ती आपसूक गप व्हईल.

तय्यबा : आणि तुम्ही फ्यूज काढलात.

पंढरी : तेंच्या शब्दाभाईर कोन व्हता हितं?

तय्यबा : एवढंच?

पंढरी : एवढाच.

तय्यबा : खोटं बोलू नका. अब्बा माझ्यावर हात उगारत नव्हते, तुमच्यावर काय उगारणार होते?

पंढरी : ...तुला याद हाय का, ह्यो डबा आला त्या दिवशी मना बोलावला व्हता? सगला मोहल्ला जमला व्हता बघायला. मी वायरी लावतोय, चित्र येत न्हाय. तू पुढं आलीस, सतरा वरसांची. बोललीस, काका, तुमचा चुकतंय, बाजूला व्हा. नि दोन मिन्टांत लावलास. सगली हसली. मोहल्ल्यातला नूर मोहम्मद तं म्हैनाभर हाक मारायचा, काय रे पंढरी, तुझी मास्तरीन कुठं हाय?

तय्यबा : म्हणून?

पंढरी : शेठ बोलले तवा मना वाईट न्हाय वाटला. खरा सांगतो. बरा वाटला.

तय्यबा : फॉर्म मी स्वतः फाडला, काका. कुणी सांगितलं नाही. म्हटलं, घरातलं एक यंत्र सांभाळता आलं नाही, तू कसली इंजिनियर होतेस?

पंढरी : शेठला पन खात व्हता मनात. शेवटी शेवटी.

तय्यबा : काय खात होतं? अब्बा गेले त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांचे पाय चेपत होते. मी माफी मागितली. म्हटलं, अब्बा, भाईने एवढ्या लांबून पाठवलेला, माझ्या हट्टाने जळाला, मला माफ करा. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. काय म्हणाले माहीत आहे?

पंढरी : काय?

तय्यबा : जाऊ दे, माफ केलं.

पंढरी : अरे देवा.

तय्यबा : मी रडले. आनंदाने, पंढरीकाका! मला वाटलं, सुटले एकदाची.

पंढरी : पोरी, माझा चुकला. पाया पडू का तुझ्या?

तय्यबा : काही पडू नका. फ्यूज कुठे टाकलात?

पंढरी : टाकला न्हाय. थांब. ही बामची डबी... ह्यो बघ. शेठ बोलले व्हते, पोरीचा लगीन झाला की परत बसवून दे. मंग लगीन झाला, तुला पोरगी झाली, मना कुनी बोलावलाच न्हाय. मी पन गेलो न्हाय. तोंड कुठं व्हता?

तय्यबा : द्या इकडे. नाही, तुम्ही नका. मी बसवते.

पंढरी : पिना धरू?

तय्यबा : बाजूला व्हा.

पंढरी : ...व्हतो.

तय्यबा : आता बटण. थांबा, मीच दाबते.

पंढरी : गुनगुनतंय! काला झाला... पांढरा झाला पडदा. खाली इंग्लिश लाइन आली, तीच, बघ! झाला ना सुरू? एक डाग न्हाय चित्रावर. तू प्रोग्राम भरून ठेवायचीस ती कॅसेट आनलीस का? तुझी ती किनार?

तय्यबा : कॅसेट अम्मीने कधीच भंगारात दिली.

पंढरी : परत लिहिशील तू. तुला काय.

तय्यबा : काय लिहू? बाजारपेठेत क्लास निघालाय, मी खिडकीतून बघून आले. वेगळेच कॉम्प्युटर आहेत आता. समोर बसलेल्या पोरी आहेत अठरा वर्षांच्या. याच्यावर मी जे शिकले ते कुणी विचारत नाही. चालू झाला, एवढंच.

पंढरी : मंग ठेव जपून. पोरीला दाखव. जुम्म्याला लावत जा, लूम बंद असले म्हनजे.

तय्यबा : उद्या लावणार आहे.

पंढरी : उद्या शनिवार हाय. चारी बाजूला लूम धडधडत असनार, व्होल्टेज नाचनार. आजवर कायच झाला न्हाय त्याला, उद्या खरंच जलंल की!

तय्यबा : जळू दे, काका. या वेळी तरी माझ्या हातून जळेल.