पाखाडीतली शेवटची विहीर

आमचं मूळ घर पावस गावाच्या अलीकडे, डोंगरउताराला. वडील गवंडी, जांभ्या चिऱ्याचं काम करणारे. कामासाठी ते रत्नागिरीत आले आणि त्यांच्यामागे मीही थापी धरून उभा राहिलो. आता मी घरं बांधत नाही, उतरवतो. पाडतो हा शब्द मला आजही उच्चारवत नाही, म्हणून उतरवतो म्हणतो. पण काय सांगू तुम्हाला, शब्द मवाळ केला म्हणून काम मवाळ होत नाही. आधी कौलं, मग रिपा, मग वासे, मग आढं, आणि शेवटी एकेक चिरा मोकळा करायचा. चांगले खांब गणपतीपुळ्याकडच्या हॉटेलवाल्यांना जातात, पाहुण्यांना जुन्या घरात उतरल्यासारखं वाटावं म्हणून. जे कोणीच घेत नाही ते सगळं घरामागच्या विहिरीत. विहीर बुजते, डंपरच्या खेपा वाचतात, बिल्डर खूश.

आमच्याकडे घराला हात लावण्याआधी गाऱ्हाणं घालतात. नारळ ठेवून जागेच्या राखणदार देवाला विनवायचं आणि प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. वडिलांमागे ते माझ्याकडे आलं. त्यात मी म्हणत असे की बा म्हाराजा, आज तुझं छप्पर काढतोय, पण नव्या इमारतीत तुला दिव्या-नारळापुरती जागा देऊ. सगळे खणखणीत आवाजात व्हय म्हाराजा म्हणत, बिल्डरही हात जोडून म्हणे. जागा कुठेच दिली गेली नाही. एका इमारतीत मी मुद्दाम चौकशी केली, तर वॉचमन म्हणाला, तिथे आता पाण्याचा पंप बसवलाय, नारळ पंपावर ठेवू काय? तरीही पुढच्या घरी मी तेच म्हटलं, आणि त्यापुढच्याही. जाणूनबुजून म्हटलं.

रत्नागिरीतल्या आमच्या पाखाडीत, म्हणजे डोंगरातून बाजाराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या गल्लीत, शेवटी एकच कौलारू घर राहिलं, वसुधावहिनींचं. त्यांचे यजमान माझे शाळासोबती. ते गेले, मुलं मुंबईला, वहिनी आंबापोळी घालून विकायच्या. घर बिल्डरला द्यायचं मुलांनी ठरवलं आणि वहिनींनी सही केली. त्यांची एकच अट, विहीर उघडी राहू दे. मला म्हणाल्या, भावजी, तुम्ही घरांचे डॉक्टर, पण तुमच्या हातचा एक पेशंट उठून बसलेला काय मी पाह्यला नाय. एवढी तरी जगवा. मी हसलो. मग त्यांनी हाताला धरून मला विहिरीशी नेलं, आणि तिथे माझं हसू राहिलं नाही.

या विहिरीत पूर्वी वैशाखात तळ दिसायचा, तळाशी कासव फिरताना दिसायचं. आता ऐन वैशाखात पाणी वरच्या पायरीला टेकलं होतं. वहिनी म्हणाल्या, शेजारच्या विहिरी बुजल्या तशी ही चढत आली, दर उन्हाळ्यात एकेक पायरी. शेजारच्या इमारतीचं मला ठाऊकच होतं, पार्किंगची फरशी खालच्या पाण्याने उचलली गेलीय, जिन्याखालची भिंत कायम ओली, आणि वॉचमन भर उन्हात झाडूने पाणी बाहेर लोटत असतो. तिथली विहीर माझ्याच माणसांनी भरली होती. पाणी वाट शोधत शोधत इथवर आलं होतं, आणि ही शेवटची वाट होती.

बिल्डरला मी सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, काका, तिथे गाड्यांचा उतार येतो. तुमच्या भावना मला कळतात, वर छानसं तुळशीवृंदावन करू. मी म्हटलं, भावनेचं सांगत नाही, पाण्याचं सांगतोय. तो म्हणाला, पाण्याला काय, मोटर लावू.

घर उतरवायच्या सकाळी वहिनींनी नारळ आणून ठेवला. मुलं आली नव्हती, शेजारी असे उरलेच नव्हते. माझे कामगार परमुलखातले; काय चाललंय ते न कळताही बिचारे हात जोडून उभे. मी सुरुवात केली, बा म्हाराजा, या जागेचा तू राखणदार. साथ द्यायला कोणी नाही. मग मागून वहिनींचा एकटीचा आवाज आला, व्हय म्हाराजा. मी पुढे गेलो, आणि जागा देऊ हे यायचं तिथे थांबलो. वहिनी वाट पाहत होत्या. मी म्हटलं, आजवर तुला सांगितलेलं काही माझ्याच्यानं झालं नाही, म्हणून आज काही सांगत नाही. यावर त्यांनी साथ दिली नाही. नुसत्या म्हणाल्या, भावजी, चला, कौलं तापायच्या आत उतरवा.

वहिनी मुंबईला गेल्या. जाताना उरलेली आंबापोळी माझ्या हातात ठेवली, विहिरीचं नाव काढलं नाही. घराचं आता जोतंच उरलंय. विहिरीवर मी फळ्या टाकून ठेवल्यात आणि ती बुजवायला नकार दिलाय. म्हणून काही वाचलं असं समजू नका. दुसरा ठेकेदार ठरलाय, उद्या त्याचे डंपर येतील. काल फळी सरकवून वाकलो तर रहाटाची गरज लागली नाही, तांब्या हातानेच बुडाला. कासव काही दिसलं नाही.

आता इथे दहा मजले उठतील. माणसं कर्ज काढून, हौसेने राहायला येतील; त्यांना यातलं काहीच माहीत नसेल. रोज सकाळी मी त्यांच्यासाठीच गाऱ्हाणं घालतो, की बा म्हाराजा, चूक आमची आहे, येणाऱ्या लेकराबाळांना सांभाळ. एकट्याने घातलेलं गाऱ्हाणं पुरं होत नाही. तुम्ही एवढा वेळ ऐकून घेतलंत, तर माझ्यासाठी एवढं करा, एकदा व्हय म्हाराजा म्हणा.