व्यसनमुक्ती केंद्राची चाबी

काल मले असा झटका बसला ना गड्या, का सांगू! माहा लहाना भाऊ लाखनीच्या राईसमिलचा ट्रक चालवते, त्याले नशेच्या गोळ्यांची सवय लागली. आमच्या पंचायतीनं सरकारी निधीतून व्यसनमुक्ती केंद्र बांधलं, म्हणून हातापाया पडून त्याले तिथं नेलं. पाहतो तं दाराले कुलूप! सरपंचाले फोन लावला.

"चाबी समोरच्या पानठेल्यावर आहे," सरपंच म्हणे. "ठेला दिवसभर उघडा रायते ना, म्हणून तिथंच ठेवतो."

गेलो. ठेलेवाल्याले म्हटलं, "दादा, केंद्राची चाबी द्या."

त्यानं चाबी माह्या हातात देली. मंग भावाले पाहून हसला, अन् डब्यातून गोळ्यांचं पाकीट काढलं.

"आज सकाळीच आला काबे? घे, तुह्या नेहमीच्याच."