आबांची बाटली

मंडळी, बसा. आबांना निरोप द्यायला उन्हातून लांबून आलात. मला भाषण येत नाही, आणि आज तर अंगात त्राणही नाही. पण आबांचा थोरला म्हणाला, "योहानमामा, तुम्ही बोला." म्हणून उभा राहिलो.

मी शिरूरच्या दवाखान्यात रक्त काढायचं काम करतो. आबांना मधुमेह होता. दर महिन्याला मी त्यांचं रक्त काढायचो, बाटली एसटीनं पुण्याला तपासायला जायची. आता जे सांगतो ते आबांचं घर आणि डॉक्टर सोडले तर कुणाला माहीत नाही. आबांनी सांगू दिलं नाही.

त्या बाटलीत दोन पावडरी लागतात. एक रक्त गोठू देत नाही. दुसरी रक्तातली साखर घटू देत नाही. ती नसली तर वाटेतच रक्त आपली साखर खात बसतं. तीन वर्षांमागं, उन्हाळ्यात, दुसरी पावडर संपली. मी एकच टाकली. रक्त गोठलं नाही ना, मग झालं, असं मला वाटलं. एसटी वाटेत बंद पडली. बाटली दिवसभर तापली. रिपोर्ट आला, साखर एकदम खाली.

आबा खूश. रिपोर्ट फेट्यात खोचून चावडीवर दाखवत फिरले. "बघा, जिकला म्हातारा!" डॉक्टरांनी इन्सुलिनचं इंजेक्शन निम्म्यावर आणलं. कागद होता, शिक्का होता. शंका कुणी घ्यायची? मी घ्यायची. मीच नाही घेतली.

महिन्यानं पुण्याहून विचारणा आली, दोन्ही पावडरी टाकता ना? सायकल काढली, थेट इनामगावला आबांचं घर गाठलं. आबा ओट्यावर बसले होते. पायाला फडकं. इंजेक्शन कमी पडून साखर चढली होती, अंगठ्याची जखम चिघळलेली. मी सगळं सांगून टाकलं. पोरं अंगावर धावून आली.

आबा म्हणाले, "गप बसा रं. त्यो सांगाया आलाय, पळून न्हाई गेला." मग मला म्हणाले, "काढ रगत पुन्ना. आन् ह्या येळंला पावडर माझ्याम्होरं टाक."

अंगठा गेला. तो काही परत आला नाही.

पण आबा दवाखान्यात येत राहिले. काठी टेकत. स्वतःचं रक्त देऊन झालं तरी बाकावरून उठायचे नाहीत. दुसऱ्याचं रक्त काढलं की विचारायचे, "पावडर टाकली का?" बाटली मागून घ्यायचे, पावडर नीट मिसळावी म्हणून हळूहळू उलटीसुलटी करायचे, दहापर्यंत मोजायचे. मी वैतागायचो. म्हणायचो, "आबा, माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुझ्यावर हाय की. तुझ्या ध्यानावर न्हाई."

खरंच होतं ते.

आबा त्या रिपोर्टमुळं गेले का? डॉक्टर म्हणतात, नाही, हृदय थांबलं. तेवढ्यानं माझं समाधान होत नाही. मी दमलोय, मंडळी. त्या दिवशी मी चूक सांगितली, पण माफी मागितली नव्हती. रोज वाटायचं, उद्या मागू. आज तुमच्यासमोर मागतो.

काल एका बाईचं रक्त काढलं आणि सवयीनं बाटली बाकाकडं धरली. हात तसाच राहिला. मग मीच ती हलवली.

उभे राहा आता. आबा दहा मोजायचे, तेवढा वेळ गप्प राहू. सावकाश मोजा. ते घाई करत नसत.

आबा, पावडर टाकलीय.