परातवाली गोलकीपर

परदेशातलं स्वोर्ड्स गाव, २०२१चा उन्हाळा. विमानाआधीच्या कोविड टेस्टच्या रांगेत माझ्यापुढे नागपूरची एक आई आणि तिचा मुलगा.

"आई, मुद्दाम खोकू नकोस. खोकल्यानं टेस्ट पॉझिटिव्ह येत नसते."

"आली तर बरंच. विमान तरी चुकेल."

"अगं, बाबा तिकडे नागपुरात वर्षभर एकटे आहेत!"

"अन् इथं परवा तुझ्या लेकीच्या, केतकीच्या कॉलेजची फायनल आहे, त्याचं काय?"

"लॅक्रोस ती खेळते. तू नाही."

"काय बोलून राहिला, इंद्रनील! लॉकडाऊनमध्ये ती जाळीच्या काठीनं चेंडू मारायची, तेव्हा परात घेऊन गोलसमोर कोण उभं होतं?"

"तू. दुसऱ्या कुणाला यायला बंदी होती."

"कोचबाईंनी व्हिडिओवर पाहिलं ना. म्हणाल्या, आजीला चुकवून गोल कर, तरच टीममध्ये घेईन. पोरीला दोन महिने लागले."

"हो, आणि आता टीम एकही मॅच हरत नाही. ग्रँड! झालं तुझं काम."

"झालं कसं? कोचबाई आता मॅचच्या आधी सगळ्या पोरींना माझ्यासमोर सराव करायला आपल्या बागेत आणतात. त्यांची गोलकीपर तर काल परातच मागत होती."

"परात कणीक मळायला असते, आई!"

"तुला पोळ्या पाहिजेत की कप?"

"थांब, बाबांचाच फोन आहे. हो बाबा, रांगेतच आहोत. आई, ते विचारताहेत, तब्येत कशी आहे?"

"सांग, फॉर्मात आहे."

आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशी खोकली.