जेवणाआधी एक काम

—नाही, वर्गणी मांगाले नाही आली मी, मंजुषाताई. वर्गणीवाले हातात पुस्तक घेऊन येतात, माहे हात पाहा, रिकामे हायत. पाच मिनिटं बसते. तुमच्या समोरच्याच घरातली मी, कंचनबाई, किराणा दुकानवाल्या नथमलजीची बायको. तुमचे साहेब इथं जऊळक्याच्या स्टेशनात लागून तीन आठवडे झाले अन् मी आज येऊन राह्यली, ते चुकलंच माहं. पन आधी मले माहा एक नेम सांगू द्या. दीड वर्ष झालं असंल — यायचं, म्हंजे नथमलजीचं, पोटाचं आपरेशन झालं होतं अकोल्याले, अन् म्या देवापुढे हात जोडले, म्हनलं, हे चालत घरी आले त वर्षभर मी कोनाच्याच हातची सेवा घेनार नाही. पानी भरनं, धुनं, भांडे, सारं माहं मीच. आमी जैनाईतले, मले लहानपनापासून नेमाची सवय — दिवस बुडाला की घास नाही, दारात कोनी उपाशी बसलं असलं तवाही घास नाही — त मले वाटलं, हा काय, होऊन जाईल.

तुमी म्हनान, हे मले कायले सांगून राह्यली? सांगते. मागच्या रविवारी तुमच्या दारात एक म्हातारबाई आल्या होत्या ना, पांढरं लुगडं, हातात काडी — "काई काम हाय का, माय?" म्हनल्या, अन् तुमी म्हनलं, "आमच्याकडे बाई लावली आहे," अन् दार लावलं. मी खिडकीतून पाह्यलं. नाही, मी दोष देत नाही, तुमाले कोन सांगनार होतं? त्या कामवाल्या नाहीत. रामीबाई त्या. पैसे घेत नाहीत, जेवनही घेत नाहीत. स्टेशनामागे टिनाचं छप्पर हाय ना, भिंतीवर निळा क्रूस काढलेला, ते त्याईचं प्रार्थनाघर. नऊ घराईची मंडळी हाय, ख्रिस्ती. उदयसिंगजी त्याईचे पाळक, म्हंजे प्रार्थना सांगनारे. बाकी दिवस शिलाई मशीन चालवतात. अन् त्याईचा एक कायदा हाय — रविवारची उपासना झाली की प्रत्येकानं मंडळीच्या बाहेरच्या एका मानसाचं एक काम करायचं, मंगच जेवायचं. काम नाही सापडलं त जेवन नाही. कोनी सक्ती करत नाही, पन रामीबाई पंचाहत्तरच्या हायत अन् त्या दुसऱ्याहून कडक हायत.

सुरवातीले लय कामं होते हो गावात. हापशीचा ओटा बांधला त्याईनं. कस्तुराबाईले चालता येत नव्हतं, तिले दर रविवारी पाठीवर घालून दवाखान्यात नेलं, चार महिने. पन गाव केवढं, कामं केवढे? दोन वर्षात सारे सरले. आता गोलूची म्हैस रविवारी तीनदा धुतल्या जाते, तिचा रंग उतरला म्हनतो तो. मागच्या उन्हाळ्यात एक पोरगा नुसती पान्याची बाटली भराले स्टेशनावर गाडीतून उतरला. चौघाईनं त्याची बाटली भरली, अन् दोघाईनं — त्याले उतरायचं असंल असं समजून — त्याची पेटी खाली आनली. गाडी गेली. तो हिंगोलीले पोरगी पाहाले चालला होता, एकटाच, बिचारा. मंग काय, याईनं त्याले जेवू घातलं, कपड्याले इस्तरी केली, अन् दुसऱ्या गाडीनं चार जन त्याच्यासंगं हिंगोलीले गेले. पोरीकडच्याले वाटलं, पोराचे काके हायत. एवढे काके असलेलं घर चांगलं असते म्हने. जमलं लग्न.

हासा, हासा. मीही हासली होती. पन गावाले मंग समजलं ना, की याईले काम नाही सापडलं त हे उपाशी राह्यतात. मंग गाव काम राखू लागलं. जगदेवभाऊ शनिवारी आपल्या बाजेची दोरी सोडून ठेवतात — रविवारी सोमला येईल अन् विनंल म्हनून — अन् शनिवारी स्वतः जमिनीवर झोपतात. कोनी तांदळात खडे मिसळते, कोनी गोधडी उसवते. एवढं सारं गाव करून राह्यलं होतं, अन् एकच घर होतं जिथं त्याईले काम नव्हतं. माहं. नेम होता ना.

आता यंदाच्या उन्हाळ्यातला तो रविवार सांगते. नेमाचे अकराच दिवस उरले होते. सकाळी दहाले रामीबाई दारात. "कंचनबाई, काई काम सांगा." म्या म्हनलं, "आजी, माहा नेम हाय, मी कोनाची सेवा घेत नाही." त म्हनल्या, "माहाही नेम हाय," अन् बसल्या ओट्यावर. साऱ्या गावात हिंडून आल्या होत्या, राखलेले कामं दुसऱ्याईनं आधीच उरकले होते, त्याच्या मागच्या रविवारीही काम नव्हतं सापडलं त्याईले, दिवसभर उपाशी होत्या. म्या पानी आनलं. घेईनात. म्हनल्या, "पानी तुमी दिलं त सेवा तुमची झाली, माही नाही." आता दारात म्हातारं मानूस उपाशी, माह्या घशाखाली घास कसा उतरन? मी बसली समोर. स्वैपाक तयार, अन् दोघी बसलो एकमेकीकडे पाहात, ऊन अंगावर घेऊन.

दीड वाजता हे दुकानातून आले. पाह्यलं, विचारलं, समजून घेतलं, अन् चपला न काढता तिथंच बसले. म्हनले, "मले दोन्ही बाजूनं भूक दिसून राह्यली, मी कोनत्या बाजूनं जेवू?" मंग कोनीतरी उदयसिंगजीले सांगतलं. ते आले, त्याईलेही त्या दिवशी काम नव्हतं भेटलं, त्याईनं हे भांडन सोडवनं हेच आपलं काम धरलं. विचार केला, अन् म्हनले, "रामीबाई, तुमी यायचा नेम मोडू दिला नाही, तीच तुमची सेवा झाली, चला जेवाले." रामीबाई उठल्या. म्या म्हनलं, "थांबा महाराज, माहा नेम राखाले यायनं सेवा केली, अन् ती म्या घेतली, मंग माहा नेम मोडला की नाही?" उदयसिंगजी बसले. रामीबाईही बसल्या. तीन वाजता सोमला आला — जगदेवभाऊ त्या दिवशी गावात नव्हते — अश्वजित आला, लखमा आली — साऱ्याईले तेच काम पाह्यजे होतं, आमचं भांडन सोडवायचं. चार वाजेपर्यंत ओट्यावर सात मानसं, सात उपाशी, अन् घरात भाकरीचा ढीग.

हे मंग चिडले. म्हनले, "नेम कायचा? यायले मी सांगू का नेम कायचा?" म्या डोळ्यानं नाही म्हनलं. सांगतलंच त्याईनं. — तुमाले सांगायचं नव्हतं मले, पन आता एवढं सांगतलं त ऐका. आपरेशनाले रक्त लागलं होतं. आमच्यातलं त्या दिवशी कोनी पोचलं नाही, अन् या सोमलानं अन् अश्वजितनं जऊळक्याहून अकोल्याले येऊन रक्त दिलं, अन् चहाही न घेता गाडीनं परत गेले. म्या तवा त्याईले शब्दानंही काई म्हनलं नाही. मले सोसलं नाही ते. जन्मभर मी देनारी, ज्याले पाह्यजे त्याले देनारी, अन् आता घ्यायचं? म्हनून म्या नेम घेतला, की आता यापुढे कोनाचंच नाही. देवाले सांगतलं, तुमचे उपकार म्हनून करते. देवाले कळलंच असंल.

अश्वजित खाली पाहू लागला, जसं त्याचंच चुकलं. मंग रामीबाईनं सहज विचारलं, "सून दिसत नाही तुमची?" म्या म्हनलं, "गेली वाशीमले." "काहून?" आता काहून — नेम सुनेलेही होता ना, मंजुषाताई. चंदना पानी आने, मी म्हनो, राहू दे, मी घेते. ती भाकरी कराले बसे, मी तिले उठवो. एक दिवस ती म्हने, "आई, मले माहेरी आई नाही, इथं त करू द्या काई." म्या म्हनलं, अकरा महिनेच त उरले. तिले वाटलं मी तिच्या हातचा विटाळ धरून राह्यली. संयम, माहा पोरगा, तिले घेऊन वाशीमले निघाला, घर केलं तिकडे. हे म्या कोनाले सांगतलं नव्हतं. त्या दिवशी सहा मानसाईसमोर सांगतलं.

रामीबाई म्हनल्या, "म्हंजे तुमच्या घरात तिनं कोनाचंच काई काम केलं नाही?" म्या म्हनलं, "नाही." त्याईले खरंच समजत नव्हतं हो, टोमना नव्हता तो, त्याईच्या कायद्यात बसत नव्हतं ते. म्हनल्या, "मंग पोरगी जेवत कशी होती?"

मी आत गेली. फनी आनली, तेलाची वाटी आनली, अन् रामीबाईपुढे पाठ करून बसली. माहा हात खांद्याच्या वर जात नाही, मंजुषाताई, सात महिन्यांपासून केस नीट विंचरले नव्हते म्या, नुसता पदर डोक्यावर ओढून घेतला होता. मरो तो नेम. म्या म्हनलं, विंचरा. दिवस बुडायले अजून अर्धा तास होता. रामीबाईनं विंचरले, लखमानं वाटी धरली, सोमलानं आरसा धरला, उदयसिंगजीनं रिबिन कापून देल्ली, अश्वजितले काईच उरलं नाही त त्यानं गळलेले केस गोळा केले. मंग साऱ्याईले काम झालं, अन् आमच्या यायनं वाढलं, अन् सातही जन दिवस बुडाच्या आत असे जेवलो, असे जेवलो, की ढिगातली एक भाकर उरली नाही.

तवापासून दर रविवारी रामीबाईचं काम माह्याकडे. मागच्या रविवारी त्या आधी तुमच्याकडे आल्या, कारन त्याईले वाटलं नव्या घरात जास्त गरज असंल. त्याईले वाटते तुमाले लेकरं नाहीत संगं, एकट्या असता.

आता मी कायले आली ते. उद्या रविवार, अन् मी घरी नाही. पहिल्या गाडीनं वाशीमले जाऊन राह्यली, चंदनाकडे. काय बोलनार, काई नाही. जाऊन बसनार तिच्या घरी, अन् म्हननार, बाई, एक तांब्या पानी दे मले. तिनं देल्लं त पिनार. नाही देल्लं त बसून राह्यनार, मले आता बसता येते. पन रामीबाईले मंग उद्या कोन हाय? जगदेवभाऊची बाज सोमलाले ठरलेली, म्हैस लखमाले. मागच्या महिन्यात त्याईले चक्कर आली होती, डाक्टर म्हनते उपाशी राहू नका, त्या म्हनतात डाक्टरले काई काम असंल त सांगा. तुमच्याकडे मशिनी हायत, कपडे धुवाची, भांडे धुवाची, ठाऊक हाय मले. तुमाले लाज वाटन, एवढ्या म्हाताऱ्या बाईकून काम कसं करून घ्यावं — मलेही वाटत होती, सात महिने. तेवढा नेम तुमी घ्या. वर्षाचा नाही, उद्याचा.

हो, चहा घेते ना, दिवस हाय अजून. छान झाला. तुमच्याइकडे आलं जास्त टाकतात.

अहो, कप घेऊन कुठे चालल्या? ठेवा तो खाली. तिथंच ठेवा, मंजुषाताई. सकाळी रामीबाई येईपर्यंत धुऊ नका.